शांतितटावरचा बांगडा

...आणि वर म्हणे खोलीत पंखा नाही! तुम्हाला सांगतो, एवढं मोठं हॉटेल, समोर अख्खा समुद्र, नारळाच्या झाडांकडे बघून बघून मान दुखेल, आणि खोलीत पंखा नाही. मी विचारलं, "लाइट गेलीय का?" तर तो पांढऱ्या कपड्यातला माणूस हात जोडून म्हणतो, "सर, इथला वारा नैसर्गिक आहे." अरे, वारा नैसर्गिकच असतो रे बाबा, आमच्या कोपरला खाडीवरून येतो तो काय वागळे इस्टेटमध्ये बनवून पाठवतात? अगदी तोंडाशी आलेलं, पण गिळलं. गप्प बसलो. पोरगी पर्मनंट व्हायचीय ना.

आता तुम्ही म्हणाल, दामाजी, तू कोपरचा कोळी, आयुष्य वागळे इस्टेटला लेथवर उभा राहून काढलंस, तुला कोणी सांगितलेलं गोव्याच्या पार खालच्या टोकाला जाऊन निसर्गोपचाराच्या हॉटेलात राहायला? पोरीने सांगितलं. आमची कांता. बी.कॉम. झाली, टायपिंग केलं, आणि या 'शांतितट'वाल्यांच्या ठाण्याच्या ऑफिसात बुकिंगला लागली, पण टेंपरवारी. आज करतो, उद्या करतो, दिवाळीनंतर बघू... साहेब लोकांचं तुम्हाला माहीतच आहे. तर एक दिवस घरी येऊन म्हणते, "बाबा, स्टाफच्या आईवडलांना चार दिवस फुकट ठेवतात. तुम्ही आणि आई जाऊन या. पण तिथले मॅनेजर रुडॉल्फ सर आमच्या मोठ्या साहेबांचे एकदम खास आहेत. ते दोन शब्द चांगले बोलले तर माझं काम होईल. आणि वाईट बोलले तर..." पुढे बोललीच नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. कारण बापाचं तोंड तिला ठाऊक. याच तोंडापायी मला कंपनीने शेवटपर्यंत फोरमन केलं नाही. मी म्हटलं, "कांते, चार दिवस बाप मुका झाला असं समज."

तर मुका होऊन गेलो. लक्झरीने रात्रभर हाडं खिळखिळी करून घेतली, आणि गेटवर पहिलं काय केलं त्यांनी? चपला काढून घेतल्या. का? तर मातीचा स्पर्श. बरं, दिल्या. मग घड्याळ काढून घेतलं. का? तर निसर्गाला घड्याळ नसतं. बरं, तेही दिलं. आणि मग तोच माणूस सांगतो, "सर, नाश्ता आठला बंद होतो." अरे, आठ वाजले ते मला सांगणार कोण, कावळा? दुसऱ्या दिवशी नाश्ता हुकला. तिसऱ्या दिवशी हुकू नये म्हणून पहाटेपासून दारात जाऊन बसलो, तर म्हणतात, "वा, सर किती लवकर उठून ध्यान करतात!" अरे, भुकेने डोळे मिटलेले माझे.

आणि नाश्ता तरी काय, तुम्हाला सांगतो! बशीत पपई, वाटीत पपई, ग्लासात पपईच्या बिया घातलेलं कसलंसं पाणी. दुपारी दुधीचा रस. संध्याकाळी शिजवलेला दुधी, म्हणजे सकाळपासून जो रस काढलेला त्याचं उरलेलं असणार, माझी खात्री आहे. आमची मंजुळा, म्हणजे माझी बायको, डोंबिवलीच्या बाजारात एवढी वर्षं मासळी विकतेय, तिच्यापुढे तो दुधी ठेवला तेव्हा तिने तो उलटा केला, सुलटा केला, आणि सवयीने वास घेऊन बघितला, ताजा आहे का. मग मला हळूच म्हणते, "आवो, समोर एवढा दर्या हाय, आनि यानला मासली गावत नाय?" मी म्हटलं, गावते गं, पण इथे मासळीचं नाव काढायचं नाही, इथे लोक शुद्ध व्हायला येतात. "मंग आपुन काय घान हाव?" मी दुधी गिळला. पोरगी पर्मनंट व्हायचीय.

बरं, हे कमी म्हणून की काय, सकाळी जेवणापर्यंत मौन. मंजुळेला मौन! जी बाई डोंबिवलीच्या बाजारात बसून कल्याणच्या गिऱ्हाइकाला हाक मारते तिला मौन! सारखे हातवारे करायची, मला काही कळायचं नाही, मग चिडून आणखी मोठे हातवारे करायची, आणि बाकीच्या पाव्हण्यांना वाटायचं ही कसली नवी आसनं, तर त्यातले दोघंतिघं तिच्या मागे उभे राहून तसेच हात फिरवायला लागले.

पण हसण्यावारी नेलं हो ते. खरं डोकं फिरलं ते तिसऱ्या दिवशी. तिथे ॲडेलिन म्हणून एक मॅडम होती, मन शांत करायचं शिकवायची. तिने सगळ्यांना वाळूत ओळीने बसवलं आणि म्हणाली, "आता काहीच करायचं नाही. फक्त समुद्राकडे बघायचं. दूर, जिथे पाणी संपतं तिथे." आता मंजुळेचं माहेर अर्नाळ्याचं. आमच्या लोकांत बाई किनाऱ्यावर बसून काही न करता नुसती समुद्राकडे बघतेय, म्हणजे काय ते कोणाला सांगावं लागत नाही. होडी आलेली नसते. मंजुळा सात-आठ वर्षांची असताना तिची आई अशीच बसलेली, आणि ही तिच्या शेजारी. तिचा बाप त्या खेपेला परत आलाच नाही. तर ही इथे बसली, बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी उठायला लागलो, तर ती ॲडेलिन मला हाताने थांबवून म्हणते, "नको, रडू द्या त्यांना. विष बाहेर पडतंय."

विष! तुम्हाला सांगतो, कानशिलं तापली माझी. म्हणावंसं वाटलं, बाई, तो तिचा बाप आहे. पण रुडॉल्फ मॅनेजर मागे उभा होता, मांजराच्या पावलांनी यायचा तो माणूस, कधी येऊन उभा राहील पत्ता लागायचा नाही. मी मंजुळेचा हात धरला आणि बसून राहिलो. गप्प. पोरगी पर्मनंट व्हायचीय. पण त्या दिवशी त्या गप्प बसण्याची मला लाज वाटली, खरं सांगतो.

मग चौथी सकाळ. शेवटची. आज निघायचं म्हणून मी जरा खुशीत, अनवाणी वाळूतून चाललेलो, तर बाजूच्या किनाऱ्यावर तिथल्या कोळ्यांनी रापण लावलेली. म्हणजे समुद्रात भलंमोठं जाळं टाकून दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून माणसं ओढतात ती. एका बाजूला माणसं कमी होती. आता तुम्हीच सांगा, दोरी ताणलेली आहे, माणसं कमी आहेत, आणि कोळ्याने हात खिशात घालून बघत उभं राहायचं? माझे हात मला न विचारता गेले दोरीला. आणि मागे बघतो तर काय... आमचा सगळा हॉटेलचा कळप! पांढरे झगे, कपाळाला चंदन, त्यांना वाटलं आजचा व्यायाम हाच आहे. सगळ्यात पुढे पुण्याचे प्रभाकरराव, रिटायर्ड सरकारी अधिकारी, ते मौन मोडून मला विचारतात, "श्वास ओढताना घ्यायचा की सोडताना?" मी म्हटलं, घ्या हो कसाही, फक्त दोरी सोडू नका!

जाळं आलं. बांगडा म्हणजे नुसता चमचमाट. आणि मग त्यांच्या म्हाताऱ्या तांडेलाने, म्हणजे म्होरक्याने, वाटे घालायला सुरुवात केली. आता आमच्यात काय आहे, दोरीला ज्याने हात लावला त्याला वाटा मिळतोच, मग तो कलेक्टर का असेना. आणि वाटा नको म्हणायचा नाही, नको म्हटलं की दुसऱ्या दिवशी जाळं रिकामं येतं. मी प्रभाकररावांना सांगितलं, "साहेब, पुढे व्हा, नाहीतर यांच्या पोटावर पाय येईल." तर ही सगळी शुद्ध व्हायला आलेली माणसं झग्याचे ओचे करून रांगेत उभी, आणि तो म्हातारा प्रत्येकाच्या ओच्यात बांगडे टाकतोय. प्रभाकरराव ओच्यात बघून म्हणाले, "आता याचं काय करायचं?"

मंजुळा कुठून आली देव जाणे. कालपासून अंथरुणात तोंड फिरवून पडलेली बाई, सगळे ओचे स्वतःच्या पदरात रिकामे केले तिने, कोळ्यांकडून कोयता मागून घेतला, मला म्हणाली, "क्यांला उबं राह्यलाव? सोडनं जमवा." नारळाची सोडणं पेटवली, मीठ चोळलं, लावले बांगडे निखाऱ्यावर. आणि तो वास... चार दिवसांचा दुधी पोटात असलेल्या माणसाला तो वास काय करतो, ते मी वर्णन करत नाही. शाकाहारी होते ते वाऱ्याच्या उलट बाजूला जाऊन बसले, पण लांब कोणी गेलं नाही. प्रभाकरराव पहिला बांगडा तोंडात घालून डोळे मिटून म्हणाले, "मौन." आणि कोणी बोललंच नाही, काट्यापर्यंत.

आणि मान वर करतो तर समोर रुडॉल्फ मॅनेजर.

संपलं, म्हटलं. चार दिवस गिळलेलं सगळं एका बांगड्यापायी वाया. तुम्हाला सांगतो, पोरीचा चेहराच दिसायला लागला समोर. तर मंजुळा त्याच्याकडे न बघताच, बाजारात गिऱ्हाइकाला म्हणते तसं म्हणाली, "बसा ओ साहेब, ताजा हाय." रुडॉल्फने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. बसला. वसईचा निघाला हो तो. डोक्यासकट खाल्ला.

घरी आलो, आठवडा गेला, आणि एक दिवस कांता ऑफिसातून आली ती तशीच पाटावर बसली. म्हणाली, "बाबा, हेड ऑफिसला तक्रार आलीय." तर तक्रार कोणाची? जॉर्जिना म्हणून एक मुंबईची बाई, त्या सकाळी अंगभर चिखल लावून खोलीत पडलेली. तिने मोठ्या साहेबांना फोन करून झापलं, की एवढं भाडं घेता आणि मासे भाजले तेव्हा मला कोणी बोलावलं नाही! साहेबांनी रुडॉल्फला विचारलं, रुडॉल्फने दोन काय, दहा शब्द चांगले सांगितले. आता तिथे आठवड्यातून एकदा 'कोळ्यांची सकाळ' असते, दोरी ओढायची, बांगडा खायचा, वेगळं भाडं. आणि हे सगळं बघायला कोळ्यांशी नीट बोलेल असं माणूस पाहिजे. तर आमची कांता पर्मनंट झाली.

तिथेच.

मी काय बोलणार? एवढे दिवस ज्याच्यासाठी तोंड शिवून बसलो ते झालं ना. बॅग मीच बांधली तिची. परवा डिसेंबरात आम्ही दोघं तिला भेटायला गेलो, तर गेटवर पांढरी साडी नेसून हात जोडून उभी, मागे आणखी पाव्हणे उतरत होते, आम्हाला म्हणते, "वेलकम, सर. वेलकम, मॅडम." मंजुळेने नारळाच्या वड्यांचा डबा पुढे केला, पोरीला आवडतात म्हणून रात्री जागून केलेल्या. पोरीने डब्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, हसू तसंच ठेवून हळूच म्हणाली, "सॉरी मॅडम, गेस्टकडून आम्हाला काही घेता येत नाही."

मंजुळेने डबा पिशवीत परत ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघितलं, आता हा बोलेल म्हणून. मी गप्प बसलो. पर्मनंट झालीय ना पोरगी.