हे जंगल कोणाचं?

...अन् तेही कधी सांगावं? मी डबा उघडून आपणच केलेली भाजी कसली आहे ते ओळखत होतो तेव्हा! तुम्हाला सांगतो, बायको गेल्यापासून दुपारचा डबा म्हणजे रोजचं कोडं. त्यात आमचे हेडमास्तर, बापूराव सर, धावत आले... "हेमराजभाऊ, शाळेले शंभर वर्षं झाले! स्टेजवर इंग्रजाच्या टायमाचा इतिहासाचा तास दाखवाचा हाय. इन्स्पेक्टर तुमी!"

म्हटलं, मीच काऊन?

"कोट तुमच्याचजवळ हाय ना!"

लग्नातला कोट. मी डबा झाकून उठलो.

मग स्टाफरूममध्ये हा वाद! त्या काळी इतिहास कसा शिकवत असतील? गणिताचे लोकेश सर म्हणे, सनावळ्या घोका. मराठीच्या चंदाबाई म्हणे, इंग्रज राजाचं गाणं पाह्यजे. शेवटी बापूराव सरांनी स्वतःच पाठ बसवला. साहेब विचारणार, 'हे जंगल कोणाचं?' पोरगी म्हणणार, 'सरकारचं!' चुकली तर हातावर छडी. यात अवघड काय आहे, सांगा?

तालीम सुरू. समोर सातवीतली दिव्यानी. घरचे सगळे मोहफुलं, तेंदूपत्ता वेचणारे. मी विचारलं, "हे जंगल कोणाचं?"

"आमचं!"

"अवं, सरकारचं म्हण!" बापूराव सर ओरडले.

"पण सर, रंजीता मॅडमनं आमचं शिकवलं."

रंजीता मॅडम म्हणजे... माझी बायको. इतिहास तीच शिकवायची.

दुसरी पोरगी उभी केली. "आमचं!" तिसरी. "आमचं!" अख्खी सातवी एका सुरात! बापूराव सर लालबुंद... "अवं, तुमी शंभर वर्षांमागचे पोट्टे हाय ना! तवा सरकारचंच म्हणत होते!"

दिव्यानी म्हणते, "म्हणत असतीन सर. तवा रंजीता मॅडम नव्हत्या ना."

बापूराव सरांनी छडी माझ्या हातात कोंबली.

"मारा छडी, हेमराजभाऊ! नाटकच तर हाय, हळूच मारा!"

पोरीनं हात पुढे केला. घाबरणं वगैरे नाही, उलट मलाच धीर देते, "मारा ना सर. मी आमचंच म्हणीन."

आणि काय झालं कोण जाणे... ज्यानं आयुष्यात चहात साखर कमी आहे म्हणून तक्रार केली नाही, त्या माणसानं, म्हणजे मी, छडी टेबलावर ठेवली. "इन्स्पेक्टर मी की तुम्ही?"

"तुमीच."

"मग उत्तर बरोबर आहे. बस, पोरी."

"अहो, इंग्रज असं म्हणन का?"

"हा इंग्रज म्हणतो! नसेल पटत तर दुसरा कोट शोधा!"

गावात दुसरा कोट नाही, साहेब! झालं, तसाच तास स्टेजवर झाला. लोक उभे राहून टाळ्या! गडचिरोलीहून आलेले पाहुणे खूश... "वा! आता इथं इतिहास कोण शिकवतं?"

बापूराव सर माझ्याकडे बघतात, मी चंदाबाईंकडे, चंदाबाई छताकडे.

सांगणार काय? शंभर वर्षांपूर्वी इतिहास कसा शिकवत, ते आम्ही छान दाखवलं. रंजीता गेल्यापासून सातवीला इतिहास कोणी शिकवलेला नाही.