आग लोयते, आपुनबी लोयावं

मी किन्हीराजाचा. आजा घोंगड्या इने, बाप इने, मीबी तेच करत आलो. शाया दुसरीतूनच सुटली, पन माह्या हातच्या घोंगडीतून पानी गयत नाई आन माह्या तोंडातून निंगालेला शब्द मी मांगं घेत नाई, हे गावाले ठावं हाये. जल्मात एकच शब्द मांगं घेतला. तोच सांगतो, लिहून घ्या.

माह्या लहान्या भावाची पोट्टी, गया. आठेक वर्साची असन. पुसाचा महिना, सकायी अंगनात पऱ्हाट्याची शेकोटी पेटवली व्हती आन हे पोट्टी मायचं जुनं लुगडं गुंडायून आगीकडं पाठ करून बसली. पदर कवा पेटला कोनालेच समजलं नाई. ते उठली आन, काय सांगू तुमाले, मीच वरडलो, पय गया, हिरीकडं पय. आमच्याकडं आग लागली का हेच म्हनत, पय, म्हंजे तुमचं पळ. पोट्टी माहं आयकनारी, पयाली. पयाली तसा वारा लागला आन आग वर चढली. मंग मी नवी घोंगडी ओढली, धावत जाऊन तिच्यावर टाकली, तिले भुईवर पाडून लोयवलं. तवा इझलं.

उजवा हात आन मान जयली. वाशिमच्या दवाखान्यातला डागदर म्हने, कपडा पेटला तं पयू नये, हाये तिथंच पडून लोयावं. मी म्हनलं, हे आज सांगता? तो म्हने, बाबा, तुमी इचारलं कवा? माह्याशी असं कोनी बोलत नसे. आनखी म्हने, जखम भरली का बोटं रोज सरय करा, नाई तं मूठ कायमची मिटन.

तिची माय म्हने, भाऊजी, राहू द्या, रडते लेकरू. मी म्हनलं, रडू दे. रोज तिच्या मांडीवर लोकर टाको आन बोटानं मोकयी कराले लावो. ते मले म्हने, मोठेबा, तुमी कसाई हा. मी म्हनो, हाव, हाये, आता अंगठ्याजवयचं बोट उघड. रडे, पन उघडे. बाया येत, कुजबुजत, हिले आता बायको कोन करन. गया त्यायच्या समोरच हात धरे, म्हने, काकू, नीट पाहून घ्या आन मंग पानी प्या. असी पोट्टी. दोन वर्सात चार बोटं उघडली, करंगयी तेवढी रुसली.

मंग मी शिरपूरच्या बाजारात घोंगडी इकाले गेलो का आंधी समद्यायसमोर लोयून दाखवो. लोक हासत, म्हातारा भांग पेला का? एक डाव गया संगं व्हती. उभी राह्यली आन भर बाजारात म्हने, मले मोठेबानं पय म्हनलं, मी पयाली, म्हून असी झाली. तुमी पयू नोका, लोया. कोनी हासलं नाई. माही मान खाली गेली. घरी येऊन जेवलो नाई, तिच्याशी बोललो नाई. आठ दिस इचार केला. फिरून बाजार भरला तवा लोयाच्या आंधी मीच म्हनलं, मी पय म्हनलो व्हतो, मी चुकलो. तो शब्द मांगं घेतला तो असा.

गया आता शिरपुरातच नांदते, दोन लेकरायची माय हाये. तुमी लिहिनारे लोळ म्हनता, आमी लोय म्हनतो. ते पोट्ट्यायले शिकवते, आग लोयते तं आपुनबी लोयावं. जयल्यावर राख नाई, शेन नाई, थंड पानी. भोवतालच्या गावातून जयलेली लेकरं तिच्याकडं आनतात. ते त्यायच्या मांडीवर लोकर टाकते, म्हनते, मी कसाई हाये, बोट उघड. मांगच्या महिन्यात एका पोट्टीचा परकर चुलीवर पेटला, ते जागीच पडून लोयाली, नुसती पोटरी पोयली. कोनं शिकवलं, तं म्हने गयामायनं. माहं नाव घेतलं नाई. राग आला, खोटं काहून बोलू.

आता माहीच बोटं आखडली, मागावर बसवत नाई. गया येते, माहा हात मांडीवर घेते, म्हनते, मोठेबा, उघडा. मी म्हनतो, दुखते. ते म्हनते, दुखू द्या. तवा तिनं माहं आयकलं व्हतं. आता मी तिचं आयकतो, बापा, एकएक बोट उघडतो.