मागे फिरलेली गाडी

ब्रेना : गाडी वळवून चाळीस मिनिटं झाली. मागून पोरांचा चकार शब्द नाही. जिंकलास तू.

ऑरेस्ट : जिंकायचं कसलं त्यात. पोर्टेजला सांगितलं, नीपवा गावात सांगितलं, त्या पेट्रोल पंपावर तर हात जोडून सांगितलं, की आता पुन्हा भांडलात तर गाडी मागे वळवीन.

ब्रेना : जगातला प्रत्येक बाप असं म्हणतो, ऑरेस्ट. वळवत कुणी नाही. साडेतीनशे किलोमीटर आल्यावर तर नाहीच नाही.

ऑरेस्ट : म्हणूनच कुठल्या पोराला बापाचं खरं वाटत नाही. बूट आला, ब्रेना. कानावर बूट. गाडी ताशी शंभरने चाललीय आणि समोरून ट्रक.

ब्रेना : मीही गाडीतच होते. विनिपेग सोडल्यापासून मागे वळून वळून माझी मान गेलीय. द्राक्षं दे, पाणी दे, पडलेला खडू शोध. याचा पाय तिच्या बाजूला, तिची नजर याच्या बाजूला. त्यांनी मध्ये चिकटपट्टी लावून घेतली तेव्हाच मला कळायला हवं होतं.

लेसिया : त्याचा पाय खरंच माझ्या बाजूला होता.

ब्रेना : तू जागी आहेस होय?

लेसिया : हो. मार्को झोपलाय. त्याची लाळ माझ्या बाहीवर पडतेय, पण मी काही म्हटलं नाही.

ब्रेना : शहाणी माझी.

लेसिया : आई, आम्ही आता दोन तास गप्प बसलो तर गाडी परत वळेल?

ऑरेस्ट : नाही.

लेसिया : तीन तास?

ऑरेस्ट : लेसिया, झालं ते झालं. मी बोलतो ते करतो, एवढं ध्यानात ठेवा, बास.

लेसिया : मग गिदो आजोबांना कोण सांगणार? मी सांगू? ते थँक्सगिव्हिंगला एकटेच जेवणार ते माझ्यामुळे ना, मग मीच सॉरी म्हणते. मार्कोचंही म्हणते. त्याला नीट म्हणता येत नाही.

ब्रेना : तू कानाला हेडफोन लाव, राणी. गोष्ट ऐक थोडा वेळ. ... लाव, लाव. ... ऐकलंस, ऑरेस्ट? मार्कोचंही म्हणते म्हणे.

ऑरेस्ट : ऐकलं.

ब्रेना : आता मला खरं सांग.

ऑरेस्ट : काय खरं?

ब्रेना : जुलैत मार्कोने तुझ्या मानेवर दही ओतलं. गाडी वळली नाही. ख्रिसमसला दोघं आळीपाळीने ओकत होती, तेव्हाही वळली नाही. आज रसेल गाव आलं, शंभर किलोमीटर राहिले, आणि एका रबरी बुटाने वळली.

ऑरेस्ट : सहन करायलाही काही हद्द असते माणसाची.

ब्रेना : तुला किल्ली मागायची नाहीये.

ऑरेस्ट : ते कुठे मध्येच काढलंस?

ब्रेना : मी नाही काढलं. सकाळपासून तेच चाललंय तुझ्या डोक्यात. दोन वेळा वळण चुकलास.

ऑरेस्ट : स्टेफाला काय जातं सांगायला. 'तू मुलगा आहेस, वडील तुझं ऐकतील, जेवण झालं की तातोंकडून ट्रकची किल्ली मागून घे.' मोठी बहीण ती, दर महिन्याला जाणार ती, आणि वाईट व्हायचं मी.

ब्रेना : तिने मागितली होती. तिला म्हणाले, तुला सायकल मी शिकवली, तू मला शिकवू नकोस.

ऑरेस्ट : मग मला काय पेढे देणार आहेत? ट्रक गेला तर काय उरतं त्या माणसाला? दूध आणायला नऊ किलोमीटर. चर्चला जायचं तर सोळा. आई गेल्यापासून गुरुवारी पत्ते खेळायला जातात, तेवढाच त्यांचा आठवडा. किल्ली कसली, पाय मागायचेत मला त्यांच्याकडे.

ब्रेना : डॉक्टरांनी सांगितलंय, समोरचं मधलं दिसत नाही त्यांना. कडेचं दिसतं तेवढंच. गेल्या महिन्यात शाळेसमोरचा खांब पाडला. मधली सुट्टी संपून पाच मिनिटं झाली होती. पाच मिनिटं, ऑरेस्ट.

ऑरेस्ट : मला झोप लागत नाही त्या पाच मिनिटांनी.

ब्रेना : मग ते ओझं पोरांच्या डोक्यावर का दिलंस? ती सात वर्षांची पोर मागे बसून लाळसुद्धा पुसत नाहीये.

ऑरेस्ट : तू फोन कर ना त्यांना. म्हण, मार्कोला ताप आलाय.

ब्रेना : मी खोटं बोलणार नाही. गाडी तू वळवलीस, फोनही तूच कर. घे, लावला. स्पीकरवर आहे.

गिदो : कोण? मोठ्यानं बोला.

ऑरेस्ट : मी, तातो. ऑरेस्ट. गाडीतून बोलतोय.

गिदो : कुठवर आलात? हलुप्ची शिजत आलेत. भात भरून कोबीची पानं मीच गुंडाळली. तुझ्या आईसारखी नाही जमली, दोन-चार उघडीच पडलीत, पण पोटात गेल्यावर कोण बघतंय.

ऑरेस्ट : तातो, आम्ही मागे फिरलोय. मुलं फार त्रास द्यायला लागली.

गिदो : कोण, ती एवढीशी?

ऑरेस्ट : भांडणं, मारामाऱ्या. म्हटलं, एकदा धडा शिकवायचा.

गिदो : अरे लेका, लहानपणी तू डॉफिनपर्यंत माझ्या टोपीत ओकत आला होतास. मी धडा शिकवायला बसलो असतो, तर तू अजून तिथेच रस्त्याच्या कडेला बसलेला असतास.

ऑरेस्ट : पुढच्या महिन्यात येतो ना.

गिदो : पुढच्या महिन्यात बर्फ. ते काही नाही. पोरं इकडे येत नसतील तर मी तिकडे येतो.

ऑरेस्ट : काय? नाही, तातो.

गिदो : पातेलं ट्रकमध्ये शेजारच्या सीटवर बसवतो, पट्टा लावतो त्याला. तुमच्या मागोमाग पाच तासांत विनिपेग.

ऑरेस्ट : नको. ऐका माझं. गाडी चालवू नका.

गिदो : का?

ऑरेस्ट : कारण... वारा फार सुटलाय इकडे.

गिदो : वारा. ऐंशी वर्षं काय गुहेत राहत होतो मी? ठेव फोन. गॅस बंद करायचाय.

ब्रेना : ठेवला त्यांनी.

ऑरेस्ट : पुन्हा लाव.

ब्रेना : वाजतोय. ... नुसता वाजतोय. मोबाइल असेल ना जवळ?

ऑरेस्ट : स्टेफाने दिलाय. खोक्यातून बाहेर काढलेला नाही. ती स्वतः तिकडे रेजायनात, दोन तासांवर, आणि शेजारचे लेकीकडे गेलेत जेवायला. कुणी नाही तिथे त्यांना अडवायला.

ब्रेना : वारा म्हणे.

ऑरेस्ट : तोंडापर्यंत आलं होतं गं.

ब्रेना : वळव गाडी.

ऑरेस्ट : वळवतोय.

लेसिया : बाबा, ऊन माझ्याकडे होतं, ते मार्कोच्या तोंडावर आलंय. आपण वळलो का?

ऑरेस्ट : हो. गिदोंकडे चाललोय.

लेसिया : पण माझे दोन तास नाही झाले अजून.

ऑरेस्ट : त्याचा काही संबंध नाही. नीट ऐक. गाडी तुमच्यामुळे वळली नव्हती.

लेसिया : बूट लागला ना तुला?

ऑरेस्ट : लागला. दुखलंही. पण मी वळवली ती घाबरून. गिदोंना एक गोष्ट सांगायचीय, ती ऐकून त्यांना वाईट वाटणार. मला ती सांगायची नव्हती, म्हणून तुमचं निमित्त केलं.

लेसिया : म्हणजे तू खोटं बोललास.

ऑरेस्ट : हो.

लेसिया : मी रडले होते. मार्कोला कळू नये म्हणून खिडकीकडे तोंड करून.

ऑरेस्ट : चुकलं माझं, राणी. फार चुकलं.

लेसिया : गिदो रागावतील तुला?

ऑरेस्ट : रागावतील बहुतेक.

मार्को : गिदोचं घर आलं?

ब्रेना : येईल, पिल्लू. झोप झाली? शू लागलीय का?

मार्को : लागली होती.

ब्रेना : होती म्हणजे? ... देवा. थांबू नकोस, ऑरेस्ट. मी बघते. जाऊ दे मरू दे ती सीट.

(तासाभराने. लँगेनबर्गच्या जरा पुढे रस्त्याच्या कडेला एक जुना ट्रक उभा आहे. ऑरेस्ट एकटाच उतरून त्याच्या खिडकीशी गेला आहे.)

ऑरेस्ट : तातो.

गिदो : आलास? वाटलंच होतं, कुणीतरी येईल.

ऑरेस्ट : लागलं का कुठे? काय झालं?

गिदो : काही नाही झालं. एक लाल गाडी होती समोर. होती, मग नव्हती. मग एकदम हॉर्न, आणि माझ्या दाराला घासूनच गेली म्हण. मागच्या काचेत एक पोरगं होतं. ते दिसलं मला. जाताना कडेनं दिसलं.

ऑरेस्ट : तातो...

गिदो : मग घेतली कडेला. किती वेळ झाला कोण जाणे. पातेलं अर्धं सांडलंय बघ.

ऑरेस्ट : फोनवरच सांगायला हवं होतं मी. वारा म्हणालो.

गिदो : वारा तर नाहीच कुठे.

ऑरेस्ट : नाही.

गिदो : जेवण झाल्यावर मागणार होतास ना?

ऑरेस्ट : तुम्हाला माहीत होतं?

गिदो : खांब मी पाडला, मला माहीत नसेल तर कुणाला? तीन आठवडे बघतोय, कोण मागायला येतंय. मघाशी तू येत नाही म्हणालास, तेव्हा म्हटलं, वाचलो.

ऑरेस्ट : रसेलला गाडी वळवली तेव्हा मलाही तसंच वाटलं.

गिदो : माझ्यावरच गेलास, आणखी कुणावर जाणार.

ऑरेस्ट : तातो, किल्ली द्या मला. आजच्यापुरती नाही. कायमची.

गिदो : पोरं बघतायत का गाडीतून?

ऑरेस्ट : बघतायत. दोघंही. काचेला नाक लावून.

गिदो : मग हात पुढे करू नकोस. किल्ली आहे तिथेच राहू दे. तू इकडून चढ, मी पातेलं मांडीवर घेऊन तिकडे सरकतो.

ऑरेस्ट : बरं.

गिदो : आणि पोरांना म्हण, गिदोचा हात दुखतोय, म्हणून ट्रक बाबा चालवतोय.

ऑरेस्ट : कुठला हात म्हणून सांगू?

गिदो : दोन्ही सांग.