चार नंबरचं गेट

…आणि वर मलाच विचारतात, कुलूप का तोडलंत! अहो, का म्हणजे? हौस होती! बावीस वर्षं स्टेडियमच्या सुरक्षेत काढली, गेटवरचा पहारेकरी होतो तो सुरक्षा व्यवस्थापक झालो, आणि एक दिवस मनात आलं, चला, आज कुऱ्हाडीने कुलूप फोडून बघू! तुम्हाला सांगतो, आमच्या नोकरीत काही घडलं नाही म्हणजे काम झालं. पण काही घडलंच नाही, तर काम केलं हे दाखवायचं कसं?

झालं काय, अंतिम सामना, भर दुपार. आमच्या संचालकसाहेबांनी सकाळीच चार नंबरच्या गेटला कुलूप ठोकलं. "बिनतिकिटाचे घुसतात हो तिथून!" किल्ली साहेबांच्या खिशात, साहेब वर काचेच्या खोलीत पाहुण्यांबरोबर जेवायला. त्यात शेजारच्या गेटवरचं तिकीट तपासायचं मशीन बंद पडलं. झालं! चार नंबरकडे येणाऱ्या, दोन भिंतींमधल्या चिंचोळ्या वाटेत हजारो माणसं, तिकिटं हातात घेऊन. तेवढ्यात आत पहिला गोल झाला, स्टेडियम गरजलं, आणि मागच्यांनी दिला रेटा. मागच्याला काय माहीत, पुढे गेट बंद आहे म्हणून?

मी आतून गजांपाशी उभा. ओरडणाऱ्या गर्दीला मी भीत नाही हो, ओरडायला छातीत हवा लागते. ही गर्दी गप्प झाली… माझ्यापासून हातभर अंतरावर एक बाई, ओठ हलतायत, आवाज नाही. पाय जमिनीला टेकलेले नाहीत तिचे! मी वॉकीटॉकीवर ओरडलो, "साहेब, किल्ली!" तिकडून आधी चमच्यांची किणकिण, मग साहेब, "लेखी कळवा."

लेखी!

मग आगीसाठीची पेटी फोडली, कुऱ्हाड काढली, घातले तीन घाव. गेट उघडलं ते मला घेऊनच! मी दारामागे चपटा, दोन बरगड्या मोडल्या… पण माणसं आत आली. गवतावर पडली, खोकायला लागली. सगळी! ती बाईसुद्धा. तिथेच बसून रडलो, खोटं कशाला सांगू? काही घडलं नाही म्हणजे काम झालं!

कसलं काय! चौकशी बसली. अधिकारी चष्मा पुसत विचारतात, "किती दगावले?"

"एकही नाही, सर."

"मग धोका होता कशावरून?"

वर समजावतात मला, अगदी प्रेमाने, "दोन-चार जण गेले असते ना, तर तुमची बाजू भक्कम झाली असती बघा."

घरी बायको बरगड्यांना पट्टा आवळतेय, तोंड चालू, "तुम्हालाच मेली घाई! साहेबांचं कुलूप, साहेबांनी बघितलं असतं!" मग एकदम थांबली. म्हणाली, "बरं केलंत." आणि लगेच, "पण कुणापाशी बोलू नका."

बोलतोय कुणापाशी? माझी बदली झाली हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत. तिथे त्या दिवशीच्या चपलाबुटांचा ढीग, जोडी एकाचीही नाही. काल एक गृहस्थ आले, ढिगातून आपला डावा बूट शोधला आणि भडकलेच, "ते गेट उघडलं कोणत्या शहाण्याने हो? कोणीतरी घुसून माझ्या खुर्चीत बसला! असल्या माणसाला कामावरून काढायला पाहिजे!"

म्हटलं, "काढलंय साहेब. इथे सही करा… आणि बूट घालून बघा, होतोय ना नीट?"