डाव्या गुडघ्यावरची पट्टी

(मस्कत, दार्सैत. २०१६च्या एप्रिलमधला एक शुक्रवार, दुपारचे तीन. दोघांची एक खोली.)

प्रेमानंद: ह्यां प्लास्टर कोणाक घालतलंस, भानू?

भानुदास: ठेव ते जागच्या जागी.

प्रेमानंद: विचारतंय ता सांग. तांदळाच्या डब्यामागे लपवन ठेवलंस. हाडां मोडल्यार हास्पिटलात घालतत तसलां प्लास्टर. तू माझ्यासारखोच बास्केटबॉल टीमचो मालिशवालो, तुका ह्यां कित्याक होयां?

भानुदास: तुलाच घालतो. आधी तुझा पाय मोडतो, मग घालतो. चालेल?

प्रेमानंद: बुधवारपासून तू माझ्याशी असोच बोलतंस. आमी मॅच जिंकलंव म्हणान?

भानुदास: मॅच गेली खड्ड्यात! जितेशचा गुडघा मोडलात तुम्ही. तुमच्या त्या नासरने मोडला. बॉल कुठे होता आणि लाथ कुठे मारली! आवाज आमच्या बेंचपर्यंत आला, प्रेमा. मी धावत गेलो तर पोराचा पाय गुडघ्याखाली भलत्याच बाजूला वळलेला. ओरडायला तोंड उघडलं होतं त्याने, पण आवाजच फुटेना.

प्रेमानंद: मी बघलंय. पलीकडच्या बेंचार मीच होतंय ना.

भानुदास: आणि तुझे पिवळेवाले टाळ्या वाजवत होते.

प्रेमानंद: आनी सेमीफायनलाक तुमच्या मार्कोन समोरच्या पोराचे दोन दात पाडल्यान, तेवा तुमच्या बेंचार काय आरती चालली होती? तू सोता नाचलंस. मी टीव्हीर बघलंय.

भानुदास: तो खेळ होता.

प्रेमानंद: खेळात पडलेले दात परत येतत काय रे?

भानुदास: तू मला अक्कल शिकवू नकोस. आम्ही इथवर कसे आलो ते मला विचार. पहिल्या चार मॅच हरलो. आमचा मालक, अर्बाब, टीमच बंद करायला निघाला होता, मला म्हणाला, भानू, दुसरं काम बघ. मग डिसेंबरात जितेश आला नागपूरहून. मार्कोच्या काखेत मावेल एवढा जीव. आणि बॉल घेऊन असा घुसायचा की समोरच्यांनी एकमेकांना धडकावं. ओळीने नऊ मॅच जिंकलो! क्वार्टर फायनलला नाक फुटलं, मी दोन्ही नाकपुड्यांत बोळे कोंबले आणि ढकलला आत. थुंकत होता लाल लाल, आणि पळत होता. फायनल तीन मॅचची. पहिली आमची, दुसरी तुमची. तिसरी आज सात वाजता, आणि तो हॉस्पिटलात पाय टांगून पडलाय.

प्रेमानंद: माका वायट वाटता, भानू. देवाशपथ.

भानुदास: नासरला कोणी सांगितलं डावा गुडघा? बोल ना!

प्रेमानंद: मी सांगलंय. नासराक नाय, कोचाक. कोचान नासराक सांगल्यान.

भानुदास: सहा वर्षं एका खोलीत राहतोय आपण. चपला आणि क्लब दाराबाहेर. हे कोणी ठरवलं होतं?

प्रेमानंद: मीच.

भानुदास: मग?

प्रेमानंद: कोचान विचारल्यान, नागपूरवालो लंगडता कित्याक. माझ्या तोंडातसून गेलां. तू सोमवारी हयसर कांदो चिरताना सांगलंस, डाव्यात पानी झालाहा, एक फटको बसलो की खलास. बुधवारी कोर्टार बघलंय तर डाव्या गुडघ्याक ही भली मोठी पट्टी. म्हटलंय, भानू खरांच सांगी होतो.

भानुदास: डावा चांगला होता रे!

प्रेमानंद: काय?

भानुदास: डावा धडधाकट होता! पाणी झालेलं उजव्यात. उजव्याला आतून चामडीच्या रंगाची पट्टी लावली, वरून काही दिसू दिलं नाही. आणि डाव्याला मुद्दाम मोठी, पांढरी. समोरचा पट्टी बघून मारतो, हे काय तुला सांगायला हवं? चांगल्या गुडघ्यावर चार फटके बसले तर सोसतात. दुखऱ्यावर एक बसला तर संपलं.

प्रेमानंद: पट्टीचां मी समजू शकतंय. मीय असल्यो पट्ट्यो बांधलंय. पन तू माका तोंडान सांगलंस, भानू. माझ्याकडे बघून सांगलंस.

भानुदास: हो.

प्रेमानंद: चुकान?

भानुदास: नाही.

प्रेमानंद: परत बोल.

भानुदास: मुद्दाम सांगितलं. तू कोचला सांगशील म्हणूनच सांगितलं. नुसत्या पट्टीवर तुमच्या कोचने विश्वास ठेवला नसता. तू सांगितल्यावर ठेवला. आता झालं समाधान?

प्रेमानंद: तुझ्या मायझया! सहा वर्सां माझ्या हातचां खाल्लंस!

भानुदास: कॉलर सोड.

प्रेमानंद: बांगड्यासारखो उभो फाडीन तुका, मेल्या! माझ्या तोंडान तू तेचो पाय मोडलंस! मी दोन राती झोपाक नाय, डोळे मिटले की तो वळलेलो पाय दिसता. म्हटलंय, मी पापी. आनी तू ह्या खाटीर पडान माझ्याकडे रागान बघीत होतंस!

भानुदास: आपट! अजून आपट डोकं! भिंत फुटू दे. पण एक सांग, तू नियम पाळला असतास तर? तोंड बंद ठेवलं असतंस तर? जितेश आज कोर्टवर असता!

प्रेमानंद: आनी तू खरां बोललो असतंस तर?

भानुदास: प्रेमा, गळा... गळा सोड. श्वास...

प्रेमानंद: घे, सोडलंय.

भानुदास: ओठ फुटला. दात लागला आतून. बघ किती येतंय.

प्रेमानंद: येवंदे.

भानुदास: फोन वाजतोय. सरक, जितेशचा असेल.

प्रेमानंद: स्पीकरार टाक. नायतर मी सरकूचंय नाय.

जितेश: भानूभाऊ, प्लास्टर भेटलं का?

भानुदास: भेटलं.

जितेश: मंग ऐक. मार्कोचं कोपर बांधशील तर आतून प्लास्टर सुकंच ठेव. मॅचच्या आधी रेफ्री दाबून पाह्यते, त्याले नरम लागलं पाह्यजे. हाफटाइमले ओला स्पंज फिरव. खेळ सुरू होईस्तोवर दगड. मार्को म्हणते, पहिल्या रिबाउंडलेच नासरच्या जबड्यावर ठेवतो. मले त्याचा जबडा दोन तुकड्यात पाह्यजे, भाऊ. मी इथं टीव्ही लावून बसून राहिलो.

भानुदास: डॉक्टर काय म्हणाले?

जितेश: आतलं सगळं तुटलं म्हणते. उजवा तर आधीच बेकार होता. म्हणते, चालशील. चालशील म्हणते बे! जसं काही बक्षीस देऊन राहिला मले! सत्तावीस वर्षांचा आहो मी. मले दुसरं काय येते?

भानुदास: जितेश, ऐक...

जितेश: अन् मले तो बेईमान पाह्यजे. नुसती पट्टी पाहून कोणी असं नाही मारत. नासर पहिल्या मिनिटापासून डाव्याच्याच मागं होता. आतल्या माणसानं सांगितलं. तुझा तो रूममेट आहे ना, पिवळ्यांचा मालिशवाला? त्याचंच काम आहे हे. मार्कोले सांगून ठेवलं, मॅच झाली की पार्किंगमधी त्याची बोटं मोडजो, एकेक करून. मालिश करते काय पाहू!

भानुदास: त्याला हात लावायचा नाही.

जितेश: काहून?

भानुदास: त्याला मी सांगितलं होतं.

जितेश: काय सांगितलं?

भानुदास: डावा गेलाय म्हणून. तो आपल्या कोचला सांगेल, सगळे डाव्याच्या मागे लागतील, आणि उजवा वाचेल. असा हिशोब होता माझा. मला वाटलं धक्के देतील, दोन-चार कोपरं घालतील. लाथेचं डोक्यातसुद्धा आलं नाही रे माझ्या.

जितेश: मले नाही विचारलं तू.

भानुदास: नाही.

जितेश: पट्टीचं विचारलं होतं. हे नाही विचारलं.

भानुदास: तू नको म्हणाला असतास.

जितेश: पाय माझा होता, भाऊ.

भानुदास: जिंकायचं होतं रे. एकदा तरी. आयुष्यभर दुसऱ्यांचे पाय चोळले, एकदा तो कप हातात घ्यायचा होता.

जितेश: मलेबी जिंकाचं होतं.

भानुदास: प्लास्टर मी बांधणार नाही. मार्कोला थांबव तू. नासर बावीस वर्षांचा पोरगा आहे, सांगितलं ते केलं त्याने. मारायचं तर मला मारा. मी येतो तिकडे, कुबडी घे आणि फोड मला.

जितेश: तुले फोडून मले काय भेटते? नको बांधू तू. काल मार्कोले करून दाखवलं ना तू? शिकला तो. तू भेशील हे मले माहीत होतं, म्हणून त्याले दुसरा रोल आणायले लावला.

भानुदास: अरे, जबड्याऐवजी कानशिलावर बसला तर मरेल तो पोरगा!

जितेश: मरू दे.

भानुदास: जितेश!

जितेश: अन् आता फोन नको करू मले. तुझा आवाज नको.

प्रेमानंद: ठेवल्यान?

भानुदास: ठेवला.

प्रेमानंद: जूनात लगीन आसा नासराचां. परवा बोटांक टेप लावताना माका आमंत्रण दिल्यान. तुका घेवन ये म्हणालो, तुझ्या दोस्ताक.

भानुदास: त्याला आज खेळवू नका. सांग तुझ्या कोचला.

प्रेमानंद: फायनलीक बेस्ट प्लेयर भायर बसव म्हणान सांगू? माझा कोण ऐकतलो? म्हणतलो, निळेवाल्यांनी ह्येका भितवल्यानी.

भानुदास: मग नासरलाच सांग. हाफटाइमनंतर मार्कोच्या उजव्या बाजूला जायचं नाही. उजव्या कोपराला बांधणार आहे.

प्रेमानंद: उजव्या.

भानुदास: उजव्या. आईशप्पथ.

प्रेमानंद: सोमवारीय तू असोच माझ्या डोळ्यांत बघीत होतंस.

भानुदास: प्रेमा, आता मी कशाला खोटं बोलू?

प्रेमानंद: आज खरां बोलत आसशीत. पन माका ता कळाचा नाय, भानू. मी नासराक उजवो सांगीन आनी डाव्यान तेचां डोक्यां फुटात, तर मी काय करू? एकदा माझ्या तोंडान एकाचो पाय गेलो. आता परत तुझा सांगणां मी कोणाकच सांगूचंय नाय.

भानुदास: मग मी काय करू, ते तरी सांग!

प्रेमानंद: रेफ्रीक सांग. मी गेलंय तर म्हणतलो, पिवळ्यांचो माणूस, कागाळी करता. तू तुझो निळो शर्ट घालून सांग. हाफटाइमाक मार्कोची दोनय कोपरां परत दाब म्हणान. सोताच्याच टीमचो माणूस सांगता म्हटल्यार तेका दाबूचीच लागतली.

भानुदास: मार्कोला बाहेर काढतील. मार्को नाही, जितेश नाही. वीस-पंचवीसने हरू.

प्रेमानंद: हां.

भानुदास: आणि मार्को सांगेल, भानूनेच शिकवलं.

प्रेमानंद: सांगतलोच.

भानुदास: तो पार्किंगमध्ये माझी बोटं मोडेल, प्रेमा. तुझी नाही, माझी. आणि राहिलेलं अर्बाब करील. एका दिवसात व्हिसा रद्द. अकरा वर्षं झाली मला इथे. गावाला जाऊन कोणाचे पाय चोळू?

प्रेमानंद: ता माका ठाऊक नाय.

भानुदास: दुसरा काही मार्ग नाही?

प्रेमानंद: आसलो तर तू सांग. तू हुशार.

भानुदास: टोमणे मार. मार, अजून मार.

प्रेमानंद: टोमणो नाय. माका खरांच सुचणां नाय. सुचला असता तर तुका असा सांगलंय नसतंय.

भानुदास: किती वाजले?

प्रेमानंद: साडेतीन. ओठार बर्फ लाव, सुजलोहा. रेफ्रीसमोर बोलूक होयां ना नीट?

भानुदास: तुझा राग गेला?

प्रेमानंद: नाय. इतक्यात जावचो पन नाय.

भानुदास: टॅक्सीला फोन करू?

प्रेमानंद: कर. एकच सांग, दोघांक.

भानुदास: मला घरी पाठवतील रे.

प्रेमानंद: पाठवूंदेत. एअरपोर्टार सोडूक मी येतलंय.