हरवलेला घड्याळजी आणि वाहणारी टाकी

नाही पण मी म्हणतो, माणूस हरवलाय ना? मग शोधा की त्याला! पोलिसात जा, फोटो द्या, नदीकाठ पालथा घाला… ते नाही! अर्धं पुस्तक संपलं तरी त्याची बायको आपली खिडकीत बसून आठवतेय, लग्नात तो हसला होता की नव्हता! धाकटा भाऊ भलतंच काही आठवतोय, भाडेकरूचं तिसरंच, आणि हा बाबा? सापडायचं नाव नाही!

कादंबरी हो, कादंबरी! आमच्या घरात सध्या तिचंच राज्य आहे. म्हणजे गंमत बघा, माझं चष्म्याचं दुकान, आणि माझ्याच सासूबाई चष्मा लावत नाहीत! 'चष्म्यात मी म्हातारी दिसते, जावईबापू.' वय विचाराल तर ऐंशीच्या उंबरठ्यावर! मग काय, बायकोनं मोठ्यानं वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजात नोकरी केलेली बाई, दुसऱ्यांचं ऐकणं हाडीमांसी मुरलेलं! बायको शाळेत गणित शिकवते, त्यामुळे दर पानाला, 'समजा, तो स्वतःहून गेला असेल, तर…' झालं, वाचन बंद, चर्चा सुरू! आणि आहे काय हो त्यात? एक घड्याळजी सकाळी अर्धा चहा टाकून घराबाहेर पडतो, तो सापडायचं नाव नाही! मी आपलं सरळ मनानं म्हटलं, 'अगं, शेवटचं पान बघ ना, कळेल कुठाय ते!' तुम्हाला सांगतो, सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं… असं पाहिलं, जणू मीच त्याला परसात पुरलंय!

तर परवा दुपारी मी दुकानातून जेवायला घरी आलो. शाळेला सुट्टी, म्हणजे स्वयंपाकघरात पारायण चालूच! जेवण कसंबसं उरकलं, तेवढ्यात बायको पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, 'अहो, टाकी वाहतेय, बघता का जरा?' गेलो. फोन चार्जिंगला, पायात घरातल्या सपाता. वर जाऊन नळ बंद केला, वळतो तर काय… गच्चीच्या दाराला आतून कडी! आमच्या खालच्या मजल्यावर एक दंतवैद्य राहतात. कबुतरं जिन्यात शिरतात म्हणून हा माणूस उघडं दार दिसलं की लावतो कडी! अरे, पण बाहेर कोण आहे ते बघशील की नाही? तोंडात आरसा घालून दाढा बघतोस ना लोकांच्या?

दार बडवलं, हाका मारल्या. कोणी नाही! मग आठवलं, आमच्या स्वयंपाकघराची खिडकी कठड्याच्या बरोबर खाली आहे. ओणवा झालो, हाक मारणार, इतक्यात खालून बायकोचा आवाज, 'फोनसुद्धा इथेच ठेवून गेला गं आई!'

म्हटलं, वा! कळलं एकदाचं! आता 'गेले' नाही म्हणाली, 'गेला' म्हणाली, पण दुःखात माणसाला मानपान कुठे सुचतो?

सासूबाई म्हणाल्या, 'घरात असायचा, तेव्हा तरी कुठे असायचा तो?'

'तेही खरंच. एकच विनोद दहादा सांगायचा…'

'आणि वर स्वतःच हसायचा!'

अहो, मी तिथे कठड्यावर गार! आणि मग बायकोचा आवाज एकदम बसला. 'पण आई, माणूस वाईट नव्हता गं. कोणी नीट बघितलंच नाही त्याच्याकडे.' तुम्हाला सांगतो, मी हुंदका आवरतोय, तेवढ्यात ती म्हणते, 'त्याच्या बायकोला बघ ना, तो शर्ट कुठला घालून गेला तेही आठवत नाहीये!'

त्याच्या बायकोला? म्हणजे… घड्याळजी! हे सगळं त्या घड्याळज्याचं चाललंय! मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, 'अगं, मी वर आहे, वर!'

सासूबाई म्हणाल्या, 'कोण मेलं बोंबलतंय? खिडकी लाव!'

लावली हो! लावली खिडकी!

मग काय, बसलो टाकीच्या सावलीत. रागानं नुसता फणफणत होतो. म्हटलं, उद्या पोलिसांनी विचारलं तर हिला सांगता येईल का, मी शर्ट कुठला घातलाय ते? आणि मग वाटलं, हिनं आज काय घातलंय? साडी? ड्रेस? निळं? पिवळं? आठवून आठवून थकलो! आत्ता तिच्यासमोर बसून जेवलो होतो हो! गावाला चष्मे विकतो मी! ती घड्याळज्याची बायको खिडकीत बसून काय शोधते, ते मला तिथे, त्या टाकीखाली कळलं. तो कुठे गेला हे राहू द्या, तो होता कोण, तेच तिला सापडायचं नाव नाही!

शेवटी दंतवैद्य वाळत घातलेल्या चादरी काढायला वर आले. 'अहो, तुम्ही होतात? मला वाटलं कबुतर!' एवढं मोठं?

धावत खाली गेलो, बेल वाजवली. बायकोनं दार उघडलं, पुस्तकात बोट तसंच. 'तुम्ही बाहेर होतात?' मी तिच्याकडे बघतच राहिलो. हिरवा ड्रेस, कानाशी एक पांढरी बट. ती म्हणाली, 'असे काय बघताय? टाकी बंद केलीत ना?'

'केली,' म्हटलं. 'पण शर्ट आठवला का तिला?'

तिचे डोळे काय चमकले म्हणता! सासूबाईंनी सरकून जागा दिली. बसलो. भाडेकरू खोटं बोलत होता हो! आणि भाऊ… जाऊ दे, तुम्ही वाचाल. इतक्यात माझा फोन वाजला, बायकोनं उचलला. पलीकडून कुणीतरी गिऱ्हाईक कावलेलं, 'बाई, दुकान बंद, आम्ही केव्हाचे उभे, मालक गेले कुठे?'

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकाकडे पाहिलं.

'कोण जाणे हो,' ती म्हणाली, 'दुपारपासून आम्हीही शोधतोय. सापडायचं नाव नाही!'

काय करणार? म्हटलं, ठेव तो फोन… आणि वाच पुढे!