दिसून राहिलं ना सगळ्याले!

...अन् वरून लोकं मलेच टोकतेत, तुमच्या नरेशनं माइक कावून, कायच्यासाठी सोडला म्हनून! आता तुमाले सांगतो, त्याईले मी काय उत्तर देऊ? नरेश माह्या शेजारचा, एका गल्लीत वाढलो आमी. भिलाईत कबड्डीचं टूर्नामेंट म्हनलं का कॉमेंट्रीले नरेशच. अन् कॉमेंट्री कशी? "कुरुद का रेडर अंदर गया, लाल बनियान, बाल गीले, बायाँ पैर आगे, गिरा, उठा, घुटने की मिट्टी झाड़ी..." अरे बापा, दिसून राहिलं ना सगळ्याले! लोकं समोर बसले आहेत, डोळे आहेत त्याईले, पोट्ट्याच्या गुडघ्याची माती कावून सांगतं बे?

हिरालाल सेठ, सिविक सेंटरमंधी साड्यांचं दुकान, टूर्नामेंटचा मंडप त्याईचाच, ते तं हात जोडून सांगे, "नरेश भाई, जो दिख रहा है वो मत बोलो ना, दुकान का नाम बोलो!" बोले ना, बिचारा बोले! दुकानाचं नाव घे, अन् लगेच, "सेठजी ने आज सफेद कुर्ता पहना है, माथे पे पसीना है..." सेठले घाम आला हे कोनाले पाह्यजे, सांगा बरं? दिसून राहिलं ना सगळ्याले!

सगळ्याले नाही पन. थेच तं! ग्राउंडाले लागूनच नरेशचं क्वार्टर, अन् व्हरांड्यात त्याची आई, सिंधुताई, खुर्ची टाकून बसे. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले, नरेश शाळेत होता तेव्हाचेच. पेपरवाले विचारत, कॉमेंट्री कुठून शिकले? हा ऐटीत सांगे, रेडिओवरून! खोटं! साफ खोटं! रेडिओ का असं शिकवते? लहानपनी हा आईच्या बाजूले बसून ग्राउंडावरचं तिले सांगे, अन् थे बुढी काही सुखानं सांगू दे? "पडला म्हन्तं, तं कसा पडला? उठला का नाही? आधी थे सांग!" स्कोर सांगतला तं चिडे. "नंबर घेऊन काय करू मी? पोट्टं हासून राहिलं का रडून राहिलं?" झालं! पडलेला पोट्टा उठत नाही तोवर नरेश पुढचं सांगेच ना. माइक हाती आला तरी सवय थेच.

अन् रंगात आला का हिंदी गेली उडत! घरी मराठी, बाहेर हिंदी, असंच आहे ना आपलं इकडं? पन हा पुऱ्या ग्राउंडासमोर, भोंग्यावर, "पडला वं आई! उठला, उठला, काही नाही झालं त्याले!" सारं ग्राउंड हासे. पोट्टे नकला करत, "पडला वं आई!" आपले मराठी लोकं माना खाली घालत. अन् तिकडं व्हरांड्यात थे बुढी टाळ्या वाजवे. एकटीच.

पावसाळा सरता सरता सिंधुताई गेली. काय सांगू तुमाले... मानूस असा तुटते का हो? नरेश रडला नाही, बोललाच नाही. त्याची बायको सुजाता माह्याजवळ आली, म्हने, "प्रफुलभाऊ, घरात एक शब्द काढून नाही राहिले. तुमी त्याईले फायनलले न्या. माइक हाती आला तं बोलतीन." नेलं मी. कुरुद अन् नंदिनी नगरची मॅच, ग्राउंड खचाखच! माइक हाती देल्ला. रेडर आत गेला, पकडला, धाडकन पडला... अन् भोंग्यावर काहीच नाही. नुसता श्वास. लोकं ओरडून राहिले, "अरे बोल ना भाई! वो 'पडला वं आई' बोल ना!" हो, आता पाह्यजे त्याईले! यानं एकडाव व्हरांड्याकडं पाह्यलं, अन् मले म्हने, "काय सांगू बे प्रफुल? दिसून राहिलं ना सगळ्याले."

थेच वाक्य! अख्ख्या भिलाईनं इतके वर्ष त्याले ऐकवलेलं.

मंग माइक घेतला डीजेवाल्या निखिलनं. गाने लावले, सेठच्या दुकानाचं नाव घेतलं, सेठ खुश! नरेश माह्या बाजूले येऊन बसला, अन् शेवटवरी, पापनी न लववता, पुरी मॅच पाह्यली त्यानं. फटाके फुटले, कप देल्ला, लोकं उठून घरी गेले, तरी हा बसलेलाच. अन् हळूच मले विचारते, "कोन जिंकलं बे?"

"अबे! समोरच तं बसला होता ना तू!"

"होतो ना," म्हने, "पन कोनी सांगतलंच नाही."